उघडे तोंड, बंद नाक

मुलाचे तोंड सतत उघडे दिसले की घरातले सगळे त्याला एकच सांगू लागतात: ‘तोंड मिट.’ आजी हनुवटीखाली बोट लावते, शाळेत बाई टोकतात, भावंडे चिडवतात. मूल क्षणभर ओठ मिटते आणि पुन्हा उघडते. ते ऐकत नाही असे मोठ्यांना वाटते. खरे तर ते ऐकते, पण ओठ मिटल्यावर त्याला हवा पुरत नाही. सर्दीचे चार-आठ दिवस सोडले, तर महिनोन्‌महिने तोंडाने श्वास घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या नाकात, नाकामागे किंवा घशात हवेला अडथळा असतो, किंवा पूर्वी कधी तो होता आणि त्याने लावलेले वळण मागे राहिलेले असते. म्हणून ही खोड समजून ती मोडायला जाणे चूक आहे, आणि ‘मोठेपणी होईल बरे’ म्हणून सोडून देणेही तितकेच चूक. तोंडाने श्वास घेणे हे लक्षण आहे. त्यामागचे कारण शोधायला हवे, आणि मुलाचा चेहरा, कान व झोप घडत असण्याच्या वयातच शोधायला हवे, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी नाकाचे काम नीट पाहावे लागते.

नाक म्हणजे हवा आत जाण्याचे नुसते भोक, अशी आपली ढोबळ समजूत असते. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल वळ्या असतात आणि त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. बाहेरची थंड, कोरडी, धुळकट हवा या वळ्यांवरून घासत जाते आणि घशापर्यंत पोहोचेतो शरीराइतकी उबदार व जवळजवळ पूर्ण ओलसर झालेली असते. धुळीचे मोठे कण शेंबडाच्या पातळ थरात अडकतात आणि पेशींवरचे सूक्ष्म केस तो थर घशाकडे सरकवत राहतात. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी 1990च्या दशकात हे दाखवून दिले. हा वायू श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतो. तोंडाने घेतलेल्या श्वासाला यातले फारसे काही मिळत नाही. उलट नाकातून श्वास घेणे कष्टाचे आहे: श्वासमार्गात हवेला एकूण जो रोध होतो त्यातला सुमारे निम्मा एकट्या नाकातच होतो. असे असूनही निरोगी मूल झोपेत, खेळताना, अभ्यास करताना नाकानेच श्वास घेते. अवघड वाट सोडून सोपी वाट धरावी असे शरीराला सहसा वाटत नाही, आणि म्हणूनच एखादे मूल दिवसरात्र सोपी वाट धरते तेव्हा मूळ वाट बंद झाल्याचा संशय घ्यायला हवा.

तान्ह्या बाळात हे सर्वांत स्पष्ट दिसते. नवजात बाळाचे स्वरयंत्र घशात उंचावर असते, त्यामुळे ते दूध ओढता ओढता नाकाने श्वास घेऊ शकते. पहिले काही महिने ते जवळजवळ नाकावरच जगते. काही बाळांत जन्मतःच नाकाची मागची दोन्ही दारे हाडाने किंवा पडद्याने बंद असतात. असे बाळ शांत असताना निळे पडते आणि रडू लागले की गुलाबी होते, कारण रडताना तोंड उघडते. तोंड ही आणीबाणीची सोय आहे. ती प्राण वाचवते, पण रोजच्या वापरासाठी ती नाही.

मग मोठ्या मुलांत नाक कशाने बंद होते? सर्वांत नेहमीचे कारण आरशात दिसत नाही. नाकाच्या पोकळीमागे, पडजिभेच्या वर, अॅडिनॉइड नावाची मऊ गाठ असते. टॉन्सिलच्याच जातीची ही ऊती. लहानपणी श्वासातून येणाऱ्या जंतूंची ओळख करून घेणे हे तिचे काम. दोन ते सहा-सात वर्षांच्या वयात ती सर्वांत मोठी असते, नेमकी तेव्हाच नाकामागची जागा मात्र अजून लहान असते. पुढे किशोरवयापर्यंत ती आक्रसत जाते. तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले ते कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी, 1868 मध्ये. ऐकू कमी येते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांच्या नाकामागे त्यांना ही वाढ बोटाने चाचपता आली, आणि तोंडाने श्वास, नाकात दबलेला आवाज आणि बहिरेपणा या तीन तक्रारी एकाच जागी जोडल्या गेल्या. कानाचा आणि श्वासाचा हा संबंध आजही पालकांना चकित करतो. मध्यकर्णातून एक बारीक नळी नाकामागे उघडते. अॅडिनॉइडच्या सुजेने तिचे काम बिघडले की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचते. कान दुखत नाही, वाहत नाही, पण मुलाला जग कापूस घातल्यासारखे ऐकू येते. टीव्हीचा आवाज मोठा करणारे, हाक मारल्यावर न बघणारे, वर्गात मागे पडणारे मूल पुष्कळदा या साचलेल्या पाण्याची शिकार असते, आणि शिक्षा मात्र बेफिकिरीची भोगते.

दुसरे मोठे कारण अॅलर्जीची सर्दी. सकाळी उठल्यावर शिंकांची माळ, नाकाला खाज, तळहाताने नाक वर चोळायची सवय, डोळ्यांखाली काळसर सावली, ही तिची चिन्हे. आपल्याकडे तिला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी घरातच असतात: गादी-उशीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी, झुरळे, आणि धूर. धुराबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, उदबत्त्या, चूल, घरात ओढलेली सिगारेट किंवा विडी, आणि न्हाऊ घातल्यावर बाळाला दिली जाणारी ओवा-वावडिंगाची धुरी हे सगळे नाकाच्या आतल्या अस्तराला सारखेच झोंबते. धुरी मायेने दिली जाते हे खरे, पण अस्तराला माया कळत नाही. घरोघरी ऐकू येणारे ‘नाकाचे हाड वाढलंय’ हे निदानही सावधपणे घ्यावे. नाकाचा मधला पडदा वाकडा असू शकतो, पण तो थोडासा वाकडा पुष्कळ लोकांत असतो, आणि लहान मुलांत बंद नाकाचा दोष बहुतेक वेळा सुजलेल्या वळ्यांकडे किंवा अॅडिनॉइडकडेच जातो. मात्र नाक एकाच बाजूने बंद असेल आणि त्याच बाजूने घाण वासाचा, रक्तमिश्रित शेंबूड येत असेल, तर त्या नाकपुडीत काहीतरी घातलेले आहे असे धरून चालावे: मणी, चिंचोका, स्पंजचा तुकडा. ती वस्तू खेळण्यातला बटणासारखा सेल असू शकेल अशी नुसती शंका आली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, कारण तो सेल काही तासांत आतला पडदा जाळतो.

आता चेहऱ्याचा प्रश्न, कारण पालकांना सर्वांत जास्त भीती वाटते ती त्याची, आणि मतभेदही इथेच सर्वांत जास्त. लांबट चेहरा, आखूड वरचा ओठ, पुढे आलेले वरचे दात, उंच आणि अरुंद टाळू अशा चेहऱ्याला वैद्यकाच्या पुस्तकांत अॅडिनॉइडचेच नाव मिळालेले आहे. त्यामागचा तर्क सोपा आहे. ओठ मिटलेले असताना जीभ टाळूला टेकलेली असते आणि ती वरच्या जबड्याला आतून आधार देते. गाल बाहेरून दाबतात. तोंड उघडे राहिले की जीभ खाली पडते, आतला आधार जातो, गालांचा दाब उरतो आणि वरची कमान अरुंद होत जाते. खालचा जबडा सतत लोंबता राहिला की तो पुढे वाढण्याऐवजी खाली वाढतो. स्वीडनमधले दंतवैद्य लिंडर-आरोन्सन यांनी 1970च्या दशकात अॅडिनॉइड काढलेल्या मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला: शस्त्रक्रियेनंतर जी मुले नाकाने श्वास घेऊ लागली त्यांच्या दातांचा कल आणि कमानीची रुंदी पुढच्या काळात अंशतः सुधारली. अमेरिकेत हार्व्होल्ड आणि सहकाऱ्यांनी तर ऱ्हीसस माकडांची नाके सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून पाहिले. माकडांचे जबडे आणि दात बदलले, पण सगळ्यांचे एकसारखे नाहीत. कोणी जबडा खाली धरून ठेवला, कोणी दर श्वासाला तो हलवला, कोणी जीभ बाहेर काढली, आणि ज्याने जसे स्नायू वापरले तसे त्याचे दात गेले.

यावर जाणकार आक्षेप घेतात की चेहऱ्याची ठेवण आईबापांकडून येते, लांबट चेहऱ्याची कितीतरी माणसे उत्तम नाकाने श्वास घेतात, आणि तोंडाने श्वास घेणारी कितीतरी मुले देखण्या गोल चेहऱ्याची असतात. हा आक्षेप बरोबर आहे. हार्व्होल्ड यांच्या माकडांनीही तेच सांगितले: बंद नाकाचा परिणाम स्नायूंच्या वागण्यातून होतो, म्हणून तो प्रत्येकात वेगळा. पण या आक्षेपातून ‘म्हणजे दुर्लक्ष करा’ असा निष्कर्ष निघत नाही. ज्या मुलाचा जबडा वंशानेच अरुंद आहे, त्याच्या नाकाची खोलीही अरुंदच असते, कारण टाळू हीच नाकाची जमीन आहे. त्याला थोडीशी सूजही जास्त भोवते. आनुवंशिकता आणि अडथळा एकमेकांचे हात धरून चालतात, आणि त्यातला एक आपल्या हातात आहे. चेहरा बिघडेल असे भय दाखवून जाहिराती करणाऱ्यांना मात्र या पुराव्यात आधार नाही. दातांच्या बाबतीत एक साधे नुकसान निर्विवाद आहे: लाळेचा ओलावा सुकला की पुढच्या दातांच्या हिरड्या सुजतात, कीड लवकर लागते आणि तोंडाला वास येतो.

माझ्या मते चेहऱ्यापेक्षाही झोपेची काळजी मोठी आहे. दिवसा उघडे दिसणारे तोंड रात्री घोरते, आणि मूल घोरते याचे घरात कौतुक होते: ‘बघा, बाबांसारखाच घोरतो.’ रोज घोरणे हे मुलांत सामान्य नव्हे. घोरणाऱ्यांतली काही मुले मध्येच गप्प होतात, छाती हलत राहते पण हवा जात नाही, मग झटका बसून श्वास सुटतो. झोपेतला हा श्वासरोध मुलांत साधारण 1 ते 5 टक्के असतो. 1965 मध्ये अमेरिकेतल्या दोन स्वतंत्र वैद्यकीय लेखांनी दाखवले की अवाढव्य टॉन्सिल व अॅडिनॉइडमुळे रात्रीचा श्वास इतका अडू शकतो की मुलाच्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ते निकामी होऊ लागते, आणि गाठी काढल्यावर ते पूर्ववत होते. 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्तियान गियेमिनो यांनी आठ मुलांच्या झोपेची नोंद करून या विकाराला मुलांच्या वैद्यकात जागा मिळवून दिली. मोठ्या माणसाची झोप मोडली की तो दिवसा पेंगतो. मूल बहुधा पेंगत नाही, ते चिडचिडते, एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही. जोडीला रात्री घाम, मान मागे टाकून विचित्र पद्धतीने झोपणे, सकाळी डोके दुखणे, आणि आधी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे. अशा मुलाला अतिचंचल ठरवून औषध सुरू करण्याआधी त्याच्या रात्रीची चौकशी व्हायलाच हवी.

इथे एक मोह टाळला पाहिजे: नाक मोकळे केले की मूल हुशार होईल, असे आश्वासन देण्याचा. हा मोह जुना आहे. 1889 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांनी मुलांच्या ‘मागासपणा’चे एक कारण नाकामागच्या अडथळ्यात शोधले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 2013 मध्ये, अमेरिकेत या प्रश्नाची नीट परीक्षा झाली. श्वासरोध असलेल्या 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचे टॉन्सिल व अॅडिनॉइड लगेच काढले, दुसऱ्या गटावर लक्ष ठेवून वाट पाहिली. सात महिन्यांनी लक्ष आणि नियोजनशक्तीच्या प्रमाणित चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र वागणूक, झोप, जीवनमान यांत शस्त्रक्रियेचा गट स्पष्ट पुढे होता, आणि झोपेतला श्वास 79 टक्के मुलांत पूर्ववत झाला. वाट पाहणाऱ्या गटात हेच प्रमाण 46 टक्के निघाले. 2023 मध्ये सौम्य तक्रार असलेल्या 459 मुलांवरच्या दुसऱ्या चाचणीचा सूरही असाच होता: चाचणीतल्या गुणांत फरक नाही, पण वागणूक, दिवसाची सुस्ती आणि रक्तदाब यांत सुधारणा. म्हणजे मुलाची झोप आणि दिवस सुखाचे होतात, एवढे पुरावा सांगतो, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे. बुद्धीचे आमिष दाखवण्याची गरजच नाही.

वाट पाहणाऱ्यांतली 46 टक्के मुले आपोआप सुधारली, मग वाट का पाहू नये? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण अॅडिनॉइड वयाबरोबर आक्रसतात हे शरीरशास्त्राचे सत्य आहे. सौम्य तक्रार असेल, मूल नीट वाढत असेल, ऐकू नीट येत असेल, तर काही महिने थांबणे योग्यच. पण थांबणे आणि विसरणे यांत फरक असतो. त्या चाचणीतल्या वाट पाहणाऱ्या मुलांची झोप आधी मोजलेली होती, नंतरही मोजली गेली, आणि अतिगंभीर मुले त्यात घेतलेलीच नव्हती. आपल्याकडे ‘वाट पाहू’ याचा अर्थ बहुधा पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी विचारणार नाही असा होतो. पाच वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षे म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग: त्यात भाषा पक्की होते, वाचन सुरू होते, पक्के दात येऊ लागतात. गाठ पुढे आपोआप आक्रसेल, पण कमी ऐकू येऊन निसटलेली दोन वर्षे परत येत नाहीत.

उलट बाजूची चूकही इतिहासात नोंदलेली आहे, आणि ती इतकी मोठी आहे की आजचे डॉक्टर सावध असतात ते त्यामुळेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉन्सिल-अॅडिनॉइड सगळ्या दुखण्यांचे मूळ मानले जाई. न्यूयॉर्कमध्ये 1906 साली शाळांतच मुलांचे अॅडिनॉइड काढले जात आहेत म्हटल्यावर स्थलांतरित वस्तीतल्या आया शाळांवर चालून गेल्या. त्याच शहरातल्या 1000 शाळकरी मुलांची 1934 मधली पाहणी तर प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. त्यांतल्या 611 मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि 174 जणांना शस्त्रक्रिया हवी असे सांगितले. जी 215 मुले ‘चांगली’ ठरली त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी 99 जण निवडले. उरलेल्या 116 मुलांनाही पुन्हा तपासायला पाठवले, तर त्यांतलीही जवळजवळ निम्मी शस्त्रक्रियेला पात्र ठरली. डॉक्टरांची नजर मुलांच्या घशापेक्षा स्वतःच्या सवयीचेच मोजमाप करत होती. नुसता घसा बघून निर्णय घेऊ नये याचे यापेक्षा भक्कम कारण मला माहीत नाही. गाठ किती मोठी, यापेक्षा रात्री श्वास कसा, कानात पाणी आहे का, वाढ कशी, हे विचारले पाहिजे.

याच्याच पाठोपाठ येते प्रतिकारशक्तीची शंका: ही ऊती जंतूंशी लढते, मग ती काढून मूल दुबळे होणार नाही का? त्या भागातली बरीच संरक्षक ऊती मागे उरते, आणि शस्त्रक्रियेनंतर मुले सरसकट गंभीर आजारांना बळी पडतात असे दिसत नाही. डेन्मार्कमधल्या सुमारे 12 लाख मुलांच्या नोंदींवरून 2018 मध्ये असे दिसले की लहानपणी या गाठी काढलेल्यांत पुढे श्वसनमार्गाचे काही आजार जास्त आढळतात. पण ज्यांच्या गाठी काढल्या ती मुले आधीपासूनच जास्त आजारी होती, हे अशा नोंदींतून वेगळे काढणे कठीण असते. तरीही तो अभ्यास बाजूला सारू नये. बंद नाकासाठी गरज असेल तर शस्त्रक्रिया करावी, आणि ‘सर्दी फार होते, काढून टाका’ एवढ्यावर करू नये, हाच त्याचा अर्थ.

मग घरात काय करायचे? आधी नीट बघायचे. ओठ विलग असणारे प्रत्येक मूल तोंडाने श्वास घेत नाही; लहान वयात ओठ सैल राहणे सामान्य आहे. सर्दी नसताना नाकाखाली छोटा आरसा धरावा आणि दोन्ही बाजूंना वाफ धरते का पाहावे. तोंडात घोटभर पाणी धरून मूल दोनेक मिनिटे आरामात बसू शकते का पाहावे. रात्री गाढ झोपेत असताना छाती उघडी ठेवून मोबाइलवर काही मिनिटांचे चित्रीकरण करावे, आवाजासकट. डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा ते जास्त सांगते. कान-नाक-घसा तज्ज्ञ बारीक दुर्बिणीने किंवा मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेने अॅडिनॉइड बघतात आणि श्रवणचाचणी करून घेतात. ती नको म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतल्या मुलांची जी तपासणी होते तिच्या यादीत मध्यकर्णाचे विकार, कमी ऐकू येणे, दम्यासारखा त्रास आणि अतिचंचलता हे सारे आहेच. त्या पथकासमोर पालकांनी ‘रोज घोरतो का’ याचे उत्तर आपणहून सांगावे.

उपचारांची सुरुवात बहुधा सौम्य असते आणि ती पुष्कळदा पुरते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये 3 ते 12 वर्षांच्या 276 घोरणाऱ्या मुलांना सहा आठवडे रोज नाकात स्टिरॉइडचा किंवा नुसत्या मिठाच्या पाण्याचा फवारा दिला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्टिरॉइडने 44 टक्के आणि मिठाच्या पाण्याने 41 टक्के मुलांची लक्षणे गेली. साध्या मिठाच्या पाण्याचा हा मान आपण ओळखावा. औषधाच्या दुकानात तयार मिळणारा फवारा चांगला. घरी करायचे किंवा मोठ्या मुलाला जलनेती शिकवायची तर पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे किंवा विहिरीचे थेट नको: गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकातून मेंदूत शिरून जीव घेऊ शकतो. अॅलर्जी असेल तर स्टिरॉइडचा फवारा उपयोगी पडतो. तो लागेल तेव्हा मारायचा नसतो, आठवडेच्या आठवडे रोज मारायचा असतो, आणि नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे न धरता डोळ्याच्या बाहेरच्या कडेच्या दिशेने धरायचे असते, नाहीतर नाकातून रक्त येते. नाक चटकन मोकळे करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यांची सवय लागून नाक आधीपेक्षा जास्त चोंदते. बामने नाक मोकळे वाटते ते गारव्याच्या जाणिवेने, हवेचा मार्ग रुंद होत नाही, आणि त्यातला कापूर दोन वर्षांखालच्या बाळाला धोक्याचा. सर्दीची मिश्रणे स्वतःच्या मनाने देऊ नयेत: क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे एकत्र सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या अखेरीस दिला आहे. अॅलर्जीसाठी सर्रास लिहिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टने काही मुलांत झोपेचे व मनःस्थितीचे विकार होतात म्हणून अमेरिकेच्या नियंत्रकांनी 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ते सुरू असताना मूल दुःस्वप्नांनी दचकू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

अलीकडे समाजमाध्यमांवर ओठांना चिकटपट्टी लावून झोपायचे खूळ आले आहे, आणि काही पालक ते मुलांवर करू लागले आहेत. यावर माझे मत कठोर आहे. 2025 मध्ये या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला गेला: एकूण 10 अभ्यास, 213 माणसे, बहुतेक प्रौढ, फायदा किरकोळ, आणि ज्यांचे नाक बंद आहे त्यांना गुदमरण्याचा स्पष्ट धोका. ज्या मुलाचे नाक अडलेले आहे म्हणून तोंड उघडे आहे, त्याची शेवटची वाट आपण झोपेत बंद करायची, तेही त्याला उलटी झाली तर पट्टी काढता येणार नाही अशा वयात? हे कधीही करू नये.

मार्ग मोकळा झाल्यावरही काही मुले तोंड उघडेच ठेवतात, आणि पालक निराश होतात. इथे सवयीचा भाग खरोखर सुरू होतो. वर्षानुवर्षे खाली पडलेल्या जिभेला टाळूवर बसायला, ओठांना मिटून राहायला शिकवावे लागते. त्यासाठी ओठ व जिभेचे व्यायाम असतात. त्यांचा पुरावा अजून छोट्या अभ्यासांपुरता आहे, पण धोका काही नाही आणि मोकळ्या नाकावर ते केले तर अर्थ आहे. टाळू अरुंद असेल तर वयात येण्याआधी, वरच्या जबड्याची मधली शीवण मऊ असताना, दंतवैद्य तो हळूहळू रुंदावू शकतात. हा उपाय 1860 पासून माहीत आहे आणि त्याने नाकाची खोलीही थोडी वाढते. पण लठ्ठ मुले, डाउन सिंड्रोम असलेली मुले, आणि ज्यांचा श्वासरोध मुळातच तीव्र होता अशी मुले यांच्यात शस्त्रक्रियेनंतरही अडथळा शिल्लक राहण्याची शक्यता बरीच असते. त्यांच्या बाबतीत जखम भरली, ताप उतरला, शाळा सुरू झाली एवढ्यावर थांबू नये. काही महिन्यांनी पुन्हा रात्रीचे चित्रीकरण करावे, घोरणे राहिले असेल तर डॉक्टरांकडे झोपेच्या चाचणीची मागणी करावी, आणि कानात पाणी होते त्यांची श्रवणचाचणीही तेव्हाच पुन्हा करून घ्यावी.